मज्जारज्जूला इजा झाल्यानंतर : आधी उशी, नळी आणि चाके

आंबे उतरवताना झाडावरून पडलेला बागायतदार असो, परांचीवरून घसरलेला गवंडी असो किंवा दुचाकीवरून फेकला गेलेला विद्यार्थी असो, रुग्णालयाच्या दारात उभ्या असलेल्या घरच्यांचा पहिला प्रश्न एकच असतो : हा पुन्हा चालेल ना? प्रश्न स्वाभाविक आहे, पण त्याचे उत्तर पहिल्या दिवशी कोणाकडेच नसते. ते मिळायला आठवडे, कधी कधी महिने लागतात आणि नेमक्या त्या काळात ज्या गोष्टींवर पुढचे आयुष्य ठरते, त्यांच्याकडे पाहायला कोणाला सवड नसते. कुल्ल्यावर पडलेला लालसर डाग, तुंबलेली लघवी, आखडत चाललेले सांधे आणि घाईघाईने विकत घेतलेली जड व्हीलचेअर यांनी झालेले नुकसान पुढे वर्षानुवर्षे भोगावे लागते. म्हणून या लेखात उपचार आणि साधने यांचा क्रम मी मुद्दाम उलटा लावला आहे. यंत्रमानवासारखे पायात घालायचे सांगाडे आणि विजेचे उपचार शेवटी येतील, बसायची उशी आणि लघवीची नळी आधी.

प्रथम इजा म्हणजे काय ते पाहू. पाठीचा कणा म्हणजे एकावर एक रचलेले मणके आणि त्यांच्या पोकळीतून जाणारा, साधारण ४५ सेंटिमीटर लांबीचा आणि करंगळीएवढ्या जाडीचा मऊ दोर म्हणजे मज्जारज्जू. त्यातून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या बाहेर पडतात. मेंदूचा हुकूम खाली नेणे आणि त्वचेची, सांध्यांची, मूत्राशयाची खबर वर पोचवणे, ही दोन्ही कामे हाच दोर करतो. तो दुखावला की त्या जागेच्या खालचा भाग मेंदूपासून तुटतो. अर्धांगवायूत मेंदूला इजा झालेली असते आणि शरीराची एक बाजू लुळी पडते. येथे मेंदू शाबूत असतो आणि इजेच्या खालच्या दोन्ही बाजू कमीजास्त प्रमाणात बाधित होतात. मानेत इजा झाली तर हातपाय चारही, छातीत किंवा कमरेत झाली तर केवळ पाय आणि धडाचा खालचा भाग. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि त्याखाली मज्जातंतूंचा घोड्याच्या शेपटीसारखा झुबका असतो. तेथे इजा झाली तर पाय ताठ न होता सैल पडतात आणि आतडे, मूत्राशय यांचे वागणेही निराळे असते. या फरकाचा उपयोग पुढे होईल.

कारण दरवेळी अपघातच असते असे नाही. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग हे पाय लुळे पडण्याचे एक जुने आणि आजही भेटणारे कारण आहे. तो वेळेत ओळखून औषधे सुरू झाली आणि गरजेप्रमाणे शस्त्रक्रिया झाली, तर अशा रुग्णाची सुधारणा अपघाताच्या रुग्णापेक्षा बरेचदा चांगली होते. म्हणून महिनोन्‌महिने पाठ दुखणे, बारीक ताप, वजन उतरणे आणि पाय जड वाटू लागणे ही लक्षणे एकत्र दिसली, तर मालिश करत बसू नये.

अपघातानंतर जखमी माणसाला हात-पाय धरून झोळीसारखे उचलणे हे सर्वांत घातक. मान, धड आणि पाय एका रेषेत ठेवून, तीन-चार जणांनी मिळून त्याला सपाट फळीवर किंवा उतरवलेल्या दारावर घ्यावे. रुग्णालयात जी शस्त्रक्रिया होते, तिचा हेतू मज्जारज्जूवरचा दाब काढणे आणि मोडलेले मणके स्क्रू-सळ्यांनी स्थिर करणे एवढाच असतो, आणि ती शक्यतो पहिल्या २४ तासांत व्हावी असा आज तज्ज्ञांचा कल आहे. तुटलेला दोर शस्त्रक्रियेने जोडला जात नाही. हे कोणी स्पष्ट सांगत नाही आणि मग ‘ऑपरेशन यशस्वी झाले’ याचा अर्थ घरचे ‘आता चालेल’ असा घेतात. एके काळी सरसकट दिले जाणारे स्टेरॉइडचे मोठे डोस आता सरसकट दिले जात नाहीत.

इजा किती खोल आहे हे ठरवण्याची एक ठरीव तपासणी आहे. अंगभर टाचणी आणि कापूस लावून संवेदना पाहतात, ठरावीक स्नायूंची ताकद मोजतात आणि गुदद्वारापाशी स्पर्श व आकुंचन आहे का, ते तपासतात. मज्जारज्जूच्या सर्वांत शेवटच्या टोकापर्यंत थोडी तरी खबर पोचते आहे का, हे त्यावरून कळते. काहीच पोचत नसेल तर ती पूर्ण इजा, म्हणजे ए श्रेणी. थोडे पोचत असेल तर बी, सी, डी, आणि सारे पूर्ववत झाले असेल तर ई. पहिल्या काही दिवसांत मज्जारज्जू सुन्न झालेला असल्यामुळे ही श्रेणी बदलू शकते. सर्वाधिक सुधारणा साधारण पहिल्या सहा ते नऊ महिन्यांत दिसते, पुढेही सावकाश होत राहते, आणि अपूर्ण इजेत तिची आशा जास्त असते.

साधन निवडताना मणक्याच्या क्रमांकाइतकाच उपयोग शिल्लक असलेल्या स्नायूंचा होतो. मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या मज्जातंतूंवर श्वासाचा पडदा चालतो, त्यामुळे त्याच्याही वर इजा असेल तर श्वासासाठी यंत्र लागू शकते. चौथ्या पातळीच्या माणसाला खांदे उचलता येतात, पण हात हलत नाहीत. त्याला हनुवटीने किंवा डोक्याने चालणारी विजेची खुर्ची आणि आवाजावर चालणारा फोन हवा. पाचव्या पातळीला कोपर वाकते, सहाव्याला मनगट वर उचलता येते आणि सातव्याला कोपर सरळ ताठ करता येते. सातव्या पातळीचा फायदा मोठा आहे, कारण कोपर ताठ करून अंग उचलता आले की पलंगावरून खुर्चीवर जाणे माणसाला स्वतःला जमू लागते.

सहाव्या पातळीची एक गंमत सांगण्यासारखी आहे. तुमचा हात सैल सोडा आणि मनगट मागे वळवा, बोटे आपोआप मिटतात. मनगट खाली सोडा, ती उघडतात. बोटांत जराही ताकद नसताना केवळ मनगट उचलून पेला, कागद किंवा मोबाइल धरण्याची पकड या युक्तीवर उभी असते. पण त्यासाठी बोटांचे लांब स्नायुबंध किंचित आखूड राहावे लागतात. घरचे लोक मात्र प्रेमापोटी रोज मनगट मागे वळवून, वर बोटेही सरळ ताणून ‘व्यायाम’ देतात आणि ती पकड कायमची घालवून बसतात. मनगट मागे असताना बोटे मिटलेली ठेवावीत आणि बोटे सरळ करायची तेव्हा मनगट खाली सोडावे, एवढे एकच वाक्य ऑक्युपेशनल थेरपिस्टने पहिल्या आठवड्यात घरच्यांना सांगितले तर हात वाचतो. याच लोकांसाठी तळहातावर बांधायचा एक पट्टा असतो, त्याच्या खिशात चमचा, टूथब्रश, पेन खोचता येते. तो कोणताही शिंपी किंवा चांभार वेलक्रो लावून शिवून देईल. भात चमच्याने खाण्यात कमीपणा वाटू नये म्हणून घरातल्या इतरांनीही काही दिवस चमचे घेतले तर बिघडत नाही.

त्वचा आणि उशी

आता उशीकडे येऊ. आपण खुर्चीत बसलो तरी नकळत सतत चुळबुळ करत असतो, कारण दाब आलेली जागा दुखते आणि मेंदू ‘सरक’ म्हणतो. संवेदना नसलेल्या माणसाला हा निरोपच मिळत नाही. बसण्याची दोन हाडे आणि खुर्ची यांच्यामध्ये चिमटलेल्या मांसाचा रक्तपुरवठा तासन्‌तास बंद राहतो आणि ते आतून मरते. वर दिसतो तो फक्त लाल डाग. चार दिवसांनी कातडी फाटते तेव्हा खाली मूठभर पोकळी तयार असते. ही जखम भरायला महिने लागतात, त्या काळात पालथे झोपून राहावे लागते, नोकरी जाते, शिक्षण थांबते आणि जंतू रक्तात गेले तर जीवही जातो. पाय न चालल्यामुळे फारसे कोणी मरत नाही, दाबाने होणाऱ्या या जखमेने, म्हणजे दाबव्रणाने, मात्र मरतात.

औषधांच्या दुकानात ‘बसायला त्रास होतो’ म्हटले की मध्ये भोक असलेली रबरी रिंग पुढे केली जाते. मज्जारज्जूच्या रुग्णासाठी ती घेऊ नये; तिच्या कडेचा दाब भोकातल्या मांसाचा रक्तपुरवठा चहूबाजूंनी आवळतो. कापसाची गादी दोन आठवड्यांत दबून दगड होते. चांगला पर्याय म्हणजे हाडांच्या जागी खोलगट कापलेला जाड फोम, जेल आणि फोम यांची जोड, किंवा एकमेकींना जोडलेल्या छोट्या हवेच्या कप्प्यांची उशी. हवेची उशी उत्तम, पण तिच्यात हवा किती भरायची हे शिकावे लागते. फुगा टम्म भरला तर माणूस त्यावर तरंगतो आणि दाब वाढतो, कमी भरली तर हाड थेट खुर्चीला टेकते. बसल्यावर उशी आणि बसण्याचे हाड यांच्यामध्ये हात सरकवून पाहावे, हाडाखाली दीड ते अडीच सेंटिमीटर हवा राहिली पाहिजे. हे रोज पाहायचे असते, कारण हवा गळते. घाट चढून महाबळेश्वरला गेले की उशी जरा जास्त फुगलेली आणि खाली कोकणात उतरले की सैल झालेली आढळते.

उत्तम उशीसुद्धा एकटी पुरत नाही. खुर्चीत असताना दर १५ ते ३० मिनिटांनी दाब काढावा लागतो. पूर्वी हातांवर जोर देऊन अंग वर उचलायला शिकवत असत, पण तसे कोणी अर्धा मिनिटही टिकत नाही आणि मांसात पुन्हा पुरेसे रक्त यायला दोन मिनिटांच्या आसपास वेळ लागतो. शिवाय खांद्यांची झीज होते ती वेगळीच. त्याऐवजी छाती मांड्यांवर टेकेल इतके पुढे वाकून, किंवा एकेका बाजूला कलून दोन मिनिटे राहणे अधिक उपयोगी. पलंगावर सुरुवातीला दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, टाचा गादीपासून अधांतरी राहतील अशी उशी पोटरीखाली ठेवावी लागते, आणि सकाळ-संध्याकाळ आरशाने किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने पार्श्वभाग पाहावा लागतो. दाब काढल्यावर अर्ध्या तासातही न जाणारा लाल किंवा काळपट डाग दिसला, तर तो जाईपर्यंत त्या जागेवर बसायचे नाही, मग घरात लग्न का असेना.

आपल्या घरांत जमिनीवर बसण्याची सवय असल्यामुळे दोन धोके विशेष आहेत. पंगतीत, पूजेला, भजनाला चटईवर तासभर मांडी घालून बसवले जाते आणि घोटा, माकडहाड, बसण्याची हाडे थेट फरशीला लागतात. उशी खुर्चीवरच राहते. तीच उशी खाली घेऊन बसावे, किंवा खुर्चीतच बसावे, देवाला चालते. दुसरा धोका भाजण्याचा. मांडीवर ठेवलेला चहाचा पेला किंवा लॅपटॉप, शेकायची रबरी पिशवी, स्कूटरचा सायलेन्सर आणि उन्हात तापलेले रेक्झिनचे आसन यांनी भाजलेले कळतच नाही, वास येतो तेव्हा समजते.

मूत्राशयाचे गणित

पहिल्या महायुद्धाच्या काळापर्यंत कण्याला गोळी लागलेले सैनिक बहुतेक काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत, ते प्रामुख्याने दाबव्रण आणि मूत्रसंसर्गाने. पुढे १९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे लुडविग गुटमन यांनी कूस बदलणे, मूत्राशयाची शिस्त आणि खेळ यांवर आधारलेला विभाग उभा केला, आणि चित्र पालटले. तेथेच १९४८ साली भरलेल्या स्पर्धांतून पुढे पॅरालिम्पिकची परंपरा निघाली. पण मूत्राशयाच्या बाबतीत खरी क्रांती १९७२ साली अमेरिकेतील मूत्रविकारतज्ज्ञ जॅक लॅपिडीस यांनी केली. त्यांनी दाखवून दिले की दिवसातून अनेकदा स्वतःच्या हाताने नळी घालून लघवी काढायला शस्त्रक्रियागृहासारखी निर्जंतुकता लागत नाही, साबणाने धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरते. त्यांचा मुद्दा असा होता की जंतू आत जाण्यापेक्षा मूत्राशय ताणलेले राहणे अधिक घातक असते.

त्यामागचे गणित समजून घेण्यासारखे आहे. मज्जारज्जूला वरच्या भागात इजा असेल तर मूत्राशय मनाला येईल तेव्हा आकुंचन पावते, पण त्याच वेळी खालची झडपही मिटते. आत दाब वाढतो, लघवी उलट मूत्रपिंडांकडे ढकलली जाते आणि वर्षानुवर्षे काही न दुखता मूत्रपिंडे निकामी होतात. म्हणून दर चार ते सहा तासांनी, एका वेळी ४०० ते ५०० मिलिलिटरच्या आत भरलेले असतानाच मूत्राशय रिकामे करायचे. एकदाच वापरायची नळी सर्वांत बरी. ते परवडत नसेल तर वापरलेली नळी साबणपाण्याने आतबाहेर धुऊन, पूर्ण सुकवून झाकणाच्या डब्यात ठेवण्याची पद्धत अनेक घरांत चालते आणि नीट पाळली तर निभावते. स्त्रियांना सुरुवातीला आरसा लागतो, नंतर बोटांच्या अंदाजाने जमते. हाताची पकड नसलेल्यांना किंवा हे जमत नसेल त्यांना ओटीपोटातून थेट मूत्राशयात घातलेली नळी हा पर्याय कायमच्या मूत्रमार्गातील नळीपेक्षा बरेचदा सोयीचा पडतो. मूत्राशय फारच उसळत असेल तर ऑक्सिब्युटिनिन किंवा सोलिफेनॅसिनसारख्या गोळ्या देतात आणि त्या पुरल्या नाहीत तर दुर्बिणीतून मूत्राशयाच्या भिंतीत स्नायू सैल करणाऱ्या बोट्युलिनमची इंजेक्शने; त्यांचा परिणाम साधारण सहा ते नऊ महिने टिकतो.

दोन चुका जागोजागी दिसतात. लघवीच्या तपासणीत जंतू दिसले की अँटिबायोटिक सुरू होते. नळी वापरणाऱ्या माणसाच्या लघवीत जंतू असणारच. ताप, थंडी, वाढलेले स्नायूंचे झटके, गढूळ व उग्र वासाची लघवी असे काही त्रास असतील तरच औषध हवे, नाहीतर खऱ्या गरजेच्या वेळी औषधच लागू पडत नाही. दुसरी चूक म्हणजे प्रवासाला किंवा कार्यक्रमाला जायचे म्हणून दिवसभर पाणी न पिणे. त्याने खडे होतात. पाणी बंद करण्यापेक्षा ते वेळापत्रकाने प्यावे आणि नळीचा डबा सोबत न्यावा. खरी अडचण बाहेर स्वच्छ, दार पुरेसे रुंद असलेले स्वच्छतागृह न मिळण्याची आहे, आणि ती रुग्णाची चूक नाही.

शौचाचे गणित तुलनेने सोपे आहे : खाल्ल्यावर किंवा गरम चहा घेतल्यावर अर्ध्या तासाने, रोज किंवा एक दिवसाआड, ठरलेल्या वेळी, कमोडच्या खुर्चीवर बसून. इजा वर असेल तर सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची औषधाची वडी) आणि तेल लावलेल्या हातमोज्यातल्या बोटाने हळुवार चेतवणे उपयोगी पडते; झुबक्याच्या भागात इजा असेल तर ती प्रतिक्रिया नसते आणि मळ बोटानेच काढावा लागतो. या कामाची घरात चर्चा होत नाही, म्हणून ते बायकोच्या किंवा आईच्या अंगावर न बोलता पडते. रुग्णाला ते स्वतः करता येत असेल तर त्याला शिकवणे, हा दोघांच्याही मानाचा प्रश्न आहे.

एक धोका प्रत्येकाने पाठ करावा असा आहे. छातीच्या सहाव्या पातळीवर किंवा त्याच्या वर इजा असेल आणि खाली काहीतरी टोचत असेल, बहुधा पिळलेली नळी, तुंबलेले मूत्राशय, कडक मळ किंवा घट्ट बूट, तर रक्तदाब अचानक चढतो. डोके ठणकते, चेहरा लाल होतो, कपाळावर घाम फुटतो, अंगावर काटा येतो आणि नाडी मंदावू शकते. या लोकांचा नेहमीचा वरचा रक्तदाब ९० ते ११० असतो, त्यामुळे १४० हा आकडा पाहून ‘ठीक आहे’ म्हणणारा डॉक्टर चुकत असतो. नेहमीपेक्षा २० ते ४० ने वाढ ही धोक्याचीच खूण आहे, आणि दुर्लक्ष झाले तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. लगेच ताठ बसवावे, पाय खाली सोडावेत, पट्टा-कपडे सैल करावेत, नळी तपासावी, मग शौचाचा मार्ग. कारण दूर झाले की दाब बहुधा मिनिटांत उतरतो, न उतरला तर रुग्णालय गाठायचे. ही माहिती मराठीत आणि इंग्रजीत एका कार्डावर लिहून खिशात ठेवावी, कारण गावातल्या दवाखान्यात हा प्रकार पूर्वी पाहिलेला असेलच असे नाही.

खुर्ची, उंबरठा आणि खांदे

रुग्णालयात दिसणारी घडीची, १८-२० किलोची खुर्ची रुग्णाला एक्स-रेपर्यंत ढकलत नेण्यासाठी बनवलेली असते, तीत बसून आयुष्य काढण्यासाठी नव्हे. तिचे आसन झोळीसारखे लोंबते, त्यामुळे कंबर तिरकी होते आणि कणा वाकतो. चाके फार मागे असल्याने प्रत्येक धक्क्याला खांदा ओढला जातो. पाय गेलेल्या माणसाचे खांदे हेच पाय असतात, आणि ते झिजले तर दुसरी जोडी नाही.

खुर्ची अंगावर शिवलेल्या कपड्यासारखी बसली पाहिजे. आसनाची रुंदी नितंबांपेक्षा जेमतेम दोन सेंटिमीटर जास्त, गुडघ्यामागे दोन-तीन बोटांची जागा, धड सांभाळता येत असेल तर पाठ खांद्याच्या फऱ्यांच्या खालीच संपणारी, आणि हात चाकाच्या माथ्यावर ठेवला असता कोपरात १०० ते १२० अंशांचा कोन. ही मापे उशीवर बसवूनच घ्यायची, कारण दहा सेंटिमीटरची उशी नंतर घातली की हात, पाठ, पायठेव सारेच चुकते. माझा आग्रह असा की पैसे मोजकेच असतील तर आधी चांगली उशी घ्यावी आणि खुर्चीसाठी थांबावे. भारतात गेल्या काही वर्षांत या बाबतीत फरक पडला आहे. आयआयटी मद्रासच्या संशोधनातून २०१९ मध्ये ‘अराइज’ ही बसलेल्या माणसाला उभे करणारी खुर्ची आली आणि पुढे २०२१ मध्ये मापाने बनवलेली ‘निओफ्लाय’ व तिला पुढे जोडायचे विजेचे चाक ‘निओबोल्ट’ बाजारात आले. जोडचाक लावले की खुर्ची रस्त्यावर ताशी २५ किलोमीटरपर्यंत धावते आणि घरात शिरताना ते काढून ठेवता येते.

हाताने फिरवायची तीनचाकी सायकल आणि मागे दोन जादा चाके लावलेली स्कूटर ही आपल्याकडची जुनी, कामाची वाहने आहेत, पण धडाचा तोल आणि उशी यांचा विचार न करता ती दिली जातात. छातीच्या वरच्या भागात इजा असलेला माणूस वळणावर कोसळू शकतो. त्याला पाठ आणि पट्टा हवाच.

घराचे माप घेताना मात्र खुर्चीवाल्यांचे पुस्तकी आकडे आपल्या ओट्यांपुढे हात टेकतात. उताराचा नियम एकास बारा असा आहे, म्हणजे ४५ सेंटिमीटर उंच ओट्यासाठी ५ मीटर ४० सेंटिमीटर लांबीचा उतार. चाळीत किंवा वाडीतल्या अंगणात तेवढी जागा नसते. मग उतार वळवून मध्ये सपाट टप्पा घ्यावा, किंवा मागील दाराने विचार करावा; तीव्र उतार केला तर कोणीतरी मागे धरायला लागते आणि पावसाळ्यात शेवाळ धरलेल्या जांभ्यावर ते दोघेही घसरतात. उंबरठा काढायला घरातली वडीलधारी माणसे तयार नसतील तर त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकाव्यात. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर असावी, पण न्हाणीघराचे दार ६० चे असते आणि सगळे तेथेच अडते. ते दार बाहेर उघडणारे किंवा सरकते करणे, भारतीय भांड्यावर ठेवता येईल अशी चाकांची कमोड-खुर्ची घेणे आणि पलंगाची उंची खुर्चीच्या उशीइतकी करणे, या तीन कामांनी निम्मे परावलंबन संपते. पलंग आणि खुर्ची यांच्यामध्ये टाकायची गुळगुळीत सरकफळी सुतार करून देतो. कडा गोल आणि पृष्ठभाग काचेसारखा हवा, नाहीतर कातडी सोलते.

उभे राहणे आणि चालणे यांबद्दल लोकांना फार आस असते, त्यामुळे सांभाळून लिहितो. टिल्ट टेबलवर (पट्ट्यांनी बांधून हळूहळू उभा करता येणाऱ्या पलंगावर) किंवा उभे राहायच्या चौकटीत रोज थोडा वेळ उभे राहिल्याने सांधे ताणले जातात, शौचाला मदत होते आणि माणूस समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून बोलतो. महिनोन्‌महिने उभे न राहिलेल्या माणसाला मात्र एकदम उभे करू नये, त्याची हाडे विरळ झालेली असतात. कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या पातळीवर इजा असेल तर घोट्याचे हलके कॅलिपर आणि कुबड्या घेऊन चालणे खरोखर उपयोगाचे ठरते. छातीच्या पातळीवर मांडीपर्यंतचे कॅलिपर लावून झोके घेत चालता येते, पण त्याला इतकी शक्ती लागते की बहुतेकांचे कॅलिपर वर्षभरात माळ्यावर जातात. यात अपयश मानू नये. कॅलिपर व्यायामाला आणि खुर्ची कामाला, अशी वाटणी पुष्कळ लोक करतात. पायांत घालायचे मोटरचे सांगाडे, उदाहरणार्थ २०१४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले ‘रिवॉक’, आज तरी मुख्यतः उपचारकेंद्रातल्या सरावासाठीच आहेत. ते सावकाश चालतात, कुबड्या लागतातच आणि किंमत एखाद्या घराएवढी असते.

स्नायूंचे झटके आणि आखडणे यांसाठी बॅक्लोफेन, टिझॅनिडीन, एखाद्याच स्नायूसाठी बोट्युलिनम आणि फारच तीव्र असेल तर पाठीत औषध सोडणारा पंप असे उपाय आहेत. बॅक्लोफेन अचानक बंद करू नये, जीवघेणी प्रतिक्रिया येऊ शकते. झटके एकाएकी वाढले तर डोस वाढवण्यापूर्वी खाली जखम, खडा किंवा आत वाढलेले नख आहे का ते पाहावे. संवेदना नसलेल्या पायांतच होणारी आग हीही खरी वेदना असते, मनाचे खेळ नव्हेत. तिच्यावर प्रीगॅबॅलिन, गॅबापेन्टिन, अमिट्रिप्टिलिन यांचा काहींना बऱ्यापैकी उपयोग होतो. सहवासाबद्दल डॉक्टर आपणहून बोलत नाहीत, म्हणून येथे लिहितो : स्त्रियांची पाळी बहुधा काही महिन्यांत पूर्ववत होते आणि त्यांना मूल होऊ शकते, पुरुषांना गोळ्या, कंपनयंत्र आणि वीर्य काढून घेण्याच्या पद्धती उपलब्ध आहेत. मात्र सिल्डेनाफिल घेतली असेल आणि वर सांगितलेला रक्तदाबाचा झटका आला, तर डॉक्टरांना ते सांगितलेच पाहिजे, कारण त्या झटक्यावर वापरले जाणारे नायट्रेट या गोळीबरोबर धोकादायक ठरते.

नवे उपचार आणि नवे बाजार

हातासाठी एक उपचार कमी माहीत आहे. चालू असलेल्या स्नायूचा किंवा मज्जातंतूचा भाग वळवून तो बंद पडलेल्या कामाला जोडण्याच्या शस्त्रक्रियेने मानेच्या इजेतल्या काही लोकांना कोपर ताठ करणे किंवा चिमूट धरणे परत मिळते. मज्जातंतू वळवायचा असेल तर वेळ महत्त्वाचा, साधारण पहिल्या वर्षाच्या आत विचारणा करावी.

विजेच्या चेतनेबद्दल जे ऐकू येते ते निराधार नाही. अमेरिकेत लुईव्हिल येथे २०११ मध्ये मज्जारज्जूवर बसवलेल्या विद्युत्‌पट्टीच्या मदतीने पाय पूर्ण लुळे असलेला एक तरुण उभा राहिला. स्वित्झर्लंडमधील लोझानच्या गटाने २०१८ मध्ये त्याच मार्गाने काही जणांना पावले टाकायला लावली आणि २०२३ मध्ये एका डच गृहस्थाच्या मेंदूतील हालचालीचा इरादा यंत्राने वाचून तो थेट मज्जारज्जूपर्यंत पोचवला. शस्त्रक्रिया न करता मानेच्या कातडीवरून चेतना देणाऱ्या ‘आर्क-ईएक्स’ या यंत्राची चाचणी ६० जणांवर झाली, त्यांपैकी ७२ टक्के लोकांच्या हातांची ताकद आणि काम या दोन्हींत सुधारणा दिसली आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. हे सर्व महिनोन्‌महिन्यांच्या सरावाबरोबर झालेले आहे. मिळते ते चिमटीचे बळ, काही पावले, कधी मूत्राशयावरचा थोडा ताबा. आखडलेल्या सांध्यांवर आणि उघड्या जखमांवर यांपैकी काहीही बसवता येत नाही, म्हणूनच वर इतकी पाने उशी आणि व्यायामात गेली.

स्टेम सेलची गोष्ट वेगळी. ‘लाखांत पाय परत’ अशा जाहिराती मराठीतही येतात आणि शेत विकून लोक जातात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांतील प्रत्यारोपण वगळता स्टेम सेलचा वापर हा संशोधनच आहे, उपचार नव्हे. नोंदणीकृत चाचणीत रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत. पैसे मागितले तर तेथेच उत्तर मिळाले.

कागदपत्रांचे काम लवकर उरकावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालील लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, लागते, अर्ज ऑनलाइन होतो. केंद्राच्या एडिप योजनेतून उत्पन्नाच्या अटीवर साधने मिळतात, ती बहुधा कानपूरच्या अलिम्को या १९७२ साली स्थापन झालेल्या सरकारी कारखान्याची. शिबिरात जाताना आपली उशी घेऊन जावे आणि खुर्चीत किमान अर्धा तास बसून मगच सही करावी. पुनर्वसनासाठी मुंबईत हाजी अलीला १९५५ पासूनची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, दिल्लीत इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर आणि वेल्लोरला ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा विभाग. वेल्लोरचा तो विभाग ज्यांच्यामुळे उभा राहिला त्या डॉ. मेरी वर्गीस १९५४ च्या अपघातानंतर स्वतः व्हीलचेअरवर होत्या आणि बसूनच कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया करत. पुण्याजवळ खडकीला जखमी जवानांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर यांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, त्यांतली एक कण्यापाशी राहिली. त्यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले.

घरी आल्यावर वर्षातून एकदा मूत्रपिंडांची सोनोग्राफी आणि रक्तातील क्रिएटिनिन करावे, वजन वाढले असेल तर खुर्चीचे माप पुन्हा घ्यावे, खांदा दुखू लागला तर तो सहन करत बसू नये आणि उशीचे आवरण काढून आतला फोम अंगठ्याने दाबून पाहावा; तो दाबलेलाच राहत असेल तर दुसरी उशी आणायची वेळ झाली आहे.